प्रात्यक्षिक वही

सत्तावीस वर्षं साकोलीच्या शाळेत
मी प्रयोगशाळेच्या बाटल्या पुसल्या.
‘निनावे, चिमटा.’ ‘निनावे, काचनळी.’
प्रयोग दुसऱ्यांचे,
फुटलेल्या चंचुपात्राची नोंद माझ्या नावावर.

रिटायर झालो, गावी आलो,
आणि कॉस्टिक सोड्याचा डबा घेऊन
न्हाणीमागच्या पडवीत बसलो.

पहिला घाणा कौतिकाच्या जर्मनच्या गंजात.
सोडा पडला तसा गंज फसफसला,
बूड काळं, खरबरीत.
सर हे दरवर्षी सांगायचे.
मी तेव्हा नळाखाली परीक्षानळ्या धूत असे,
पाण्याच्या आवाजात अर्धंच यायचं.
एवढं मात्र पक्कं आलेलं:
पाण्यात सोडा घालावा, सोड्यात पाणी कधीच नाही.

“काहून जी, दुकानात साबन भेटत नाही का?”
भेटते.

दुसऱ्याला स्टीलचं पातेलं.
घाणीवरचं टोरीचं तेल, खोबरेल, थोडं एरंडीचं,
आणि पिवळ्या रंगाला हळद.
हळद सोड्याला भेटली न् लाल झाली.
मला कळायला हवं होतं;
मुलांसाठी हळदीचे कागद मीच कापायचो.
लालही राहिली नाही.
चार दिवस विटेसारखी, मग नुसती माती.

तिसऱ्यात केवड्याचं अत्तर ओतलं
आणि घोळ जागच्या जागी आवळला.
रवी उभीच राहिली त्यात.
अजून उभी आहे, कोनाड्यात, साबणासकट.
कौतिका शेजारची रवी आणून ताक घुसळते.

चौथ्याला रंगांची तयारी आठ दिवस.
रतनजोत तेलात भिजवली, गेरू खलला,
कोळसा धोतराच्या कापडातून गाळला.
तार दोनदा फिरवायची असते.
मी फिरवत राहिलो,
अजून एक वळण, अजून एक,
आणि चिखलणी झालेल्या धानाच्या बांधीत
असतो तो रंग झाला.
एवढा आणि एवढाच रंग.

पाचव्याला घोळ कढीइतका झाला तसा थांबलो.
तीन गडव्यांत वाटला,
खोक्यात कॅलेंडरचा गुळगुळीत कागद घातला,
उंचावरून धार धरली.
सायकलीच्या आऱ्यानं एक वळण,
एक उलटं.
मग हात पाठीमागे बांधून उभा राहिलो,
सर फळ्यावर लिहीत तेव्हा राहायचो तसा.
गोधडीत गुंडाळलं खोकं.
रात्रीतून तीनदा उठून हात लावला.
ऊब होती.

दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या क्लचच्या तारेनं कापलं.
पहिली वडी आडवी पडली.
आत जांभळं, निळ्याकडे झुकलेलं,
गेरू त्यात शिरून अर्ध्यातून माघारी वळलेला,
आणि कोळशाची केसाएवढी एक रेघ,
जिला मी बोलावलं नव्हतं.
दुसरी वडी वेगळी. तिसरी तिच्याहून.
हात तर एकच होता.

कौतिका चुलीवरचं टाकून आली.
पदराला हात पुसले, वडी उजेडात धरली.
“हे तं आंग धुतलं का पुसून जाईन.”
जाईल ना.
ती बराच वेळ धरून होती.

वहीत उद्देश लिहिला, साहित्य, कृती.
निरीक्षणाला पानं पुरली नाहीत, पुरवणी जोडली.
अनुमानाखाली जागा सोडली आहे.

लिलावात घेतलेल्या परीक्षानळ्यांच्या घोडीवर
वड्या वाळतात, रोज जरा हलक्या होतात.
तिसऱ्या दिवशी जीभ लावली तर
सेलच्या टोकासारखी झिणझिणली होती.
आता नुसता साबण लागतो,
आणि न्याहारीपर्यंत तोंडाला फेस.
कौतिका कपाळावर हात मारते.

आज एकोणिसावा दिवस.
खालच्या ओळीतल्या एका वडीच्या कोपऱ्यावर
ओला ठसा दिसला,
माझ्या जिभेहून लहान.